सहा सेंटिमीटर

घर घेताना नवऱ्याने कर्जाचा हप्ता पाहिला, सासूबाईंनी स्टेशन किती लांब ते पाहिलं आणि मी दोन गोष्टी पाहिल्या: लिफ्टच्या दाराची रुंदी आणि हॉलच्या खिडकीतून दिसणारं उद्यान. तेव्हा मला सहावा महिना होता. घसरगुंडी, झोपाळे, वाळू, सगळं त्या खिडकीतूनच ठरवून टाकलं. उद्यानाचं गेट पाहायचं तेवढं राहून गेलं.

नवी मुंबईतला कोणता नोड, कोणता सेक्टर ते सांगत नाही. उद्यान ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे त्याचंही नाव घेणार नाही. माझा एक अर्ज अजून तिथे पडून आहे, शिवाय तिथल्या एक-दोघांनी मनापासून मदत केली, त्यांना उगाच ताप नको.

माझ्याबद्दल थोडक्यात: दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डावा पाय पूर्ण, उजवा अर्धा. कॉलेज, लोकल, नोकरी, लग्न, सगळं कॅलिपर (पायाला बांधायचा धातूचा आधार) आणि कुबडीवर केलं. मग खांद्यांनी कुरकुर सुरू केली. डॉक्टर म्हणाले, हात टिकवायचे असतील तर बाहेर तरी खुर्ची वापरा. म्हणून आता घरात कॅलिपर, बाहेर व्हीलचेअर. घरूनच तीन-चार दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब बघते.

लेकाला खेळायला न्यायचं काम सासूबाईंकडे असायचं. 2024 च्या जानेवारीत त्या लग्नाला संगमनेरला गेल्या आणि पाच वर्षांचं पोर सोफ्यावरून उड्या मारून खालच्या मजल्याची बोलणी आम्हाला खायला लावू लागलं. चौथ्या दिवशी म्हटलं, चल, मी नेते.

मोठं दोन फाळ्यांचं गेट कुलूपबंद होतं. ते पालापाचोळ्याच्या गाडीसाठी उघडतं, एरवी नाही. शेजारी माणसांसाठी लोखंडी पाइपांची नागमोडी वाट: शिरा, डावीकडे वळा, लगेच उजवीकडे वळा, की आत. मोटरसायकली आणि गुरं येऊ नयेत म्हणून केलेली. खुर्चीची पुढची छोटी चाकं आत गेली, मोठी चाकं दोन्हीकडून पाइपांना घासून थांबली. वॉचमनकाका धावत आले. "ताई, किल्ली सुपरवायझरकडं असती, ते सकाळच्याला येत्यात. तुम्ही हितंच थांबा, मी बघतो की बाळाकडं."

थांबले. जाळीला खुर्ची लावून बसले. लेक हत्तीच्या आकाराच्या घसरगुंडीवर चढला, घसरला, परत चढला. सहाव्या की सातव्या वेळेला वरच्या पायरीवर मागच्या मोठ्या पोराने घाई केली आणि माझा बाजूच्या कठड्यावरून खाली गेला. एरवी आधी रडण्याचा आवाज येतो आणि मग आपण बघतो. इथे आवाज आलाच नाही, नुसतं दिसलं. काका तेव्हा पलीकडच्या टोकाला पाण्याचा पाइप सरकवत होते.

मी खुर्ची फिरवली आणि पुन्हा त्याच पाइपांत घातली. आत जात नाही हे दहा मिनिटांपूर्वीच कळलेलं असूनही. मागे घेतली, जोर लावून परत घातली. हाताची दोन बोटं चाकाची कडी आणि पाइप यांच्यात सापडली. शाळेच्या गणवेशातली एक बारा-तेरा वर्षांची मुलगी लेकाला उचलून घेऊन आली आणि पाइपांवरून तिने तो माझ्या मांडीवर दिला. हनुवटी फाटली होती. दोन टाके पडले. संध्याकाळी बाबाला त्याने मोठ्या उत्साहाने पहिली बातमी सांगितली ती पडल्याची नव्हे, "आई गेटमध्ये अडकली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन गेले. पाइपांतली फट 58 सेंटिमीटर. माझी खुर्ची, चाकांच्या बाहेरच्या कड्या धरून, 64. सहा सेंटिमीटरचं काम म्हणजे आठवड्याभरात होईल असं मला खरंच वाटलं होतं. पंधरा महिने लागले.

विभाग कार्यालयात रॅम्प होता. रॅम्पच्या तोंडाशी दोन मोटरसायकली होत्या. त्या हलवून घेतल्या, आत गेले. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज नीट वाचला आणि विचारलं, "मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र जोडलेलं दिसत नाही?"

"मुलगा ठणठणीत आहे. प्रमाणपत्र माझं जोडलंय."

"हो, पण मॅडम, खेळायचं तर मुलाला आहे ना?"

बाई उर्मट नव्हत्या. त्यांना मनापासून प्रश्न पडला होता. मला उत्तर सुचलं नाही, "त्याच्याकडे लक्ष ठेवायचं असतं" असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी मान हलवली, शिक्का मारला. (दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर शिक्का आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. बाकी या लेखातलं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.)

तो प्रश्न डोक्यात राहिला. आपल्याकडे दिव्यांग म्हटलं की मूल तरी दिसतं नाहीतर भीक मागणारा म्हातारा. दिव्यांग आई दिसत नाही. लग्नाआधी लोक विचारायचे, हिच्याशी कोण लग्न करणार. लग्नानंतर, मूल कसं होणार. मूल झाल्यावर, ते सांभाळणार कोण. सांभाळते मीच, पण गेटपर्यंत.

जीएसटीमुळे कलमं वाचायची सवय आहे. रिटर्न भरून झाल्यावर रात्री दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा काढला, 2016 चा. 1995 च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला, 19 एप्रिल 2017 पासून लागू. जुन्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, यात एकवीस. व्याख्यांमध्येच माझं काम झालं. 'सार्वजनिक सुविधा आणि सेवा' म्हणजे काय हे सांगताना घर, शिक्षण, बँक, दवाखाना यांच्या रांगेत करमणूक आणि विरंगुळाही बसवलेला आहे. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येतही तसंच. कलम 45 म्हणतं की आधीपासून असलेल्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम, म्हणजे दिव्यांगांना विनाअडथळा वापरता येतील अशा, झाल्या पाहिजेत. नियम आले 15 जून 2017 ला. बोटांवर मोजलं: जून 2022. म्हणजे माझा लेक पडला तेव्हा मुदत संपून दीड वर्ष होऊन गेलं होतं. कलम 44 नव्या बांधकामाचं आहे: नियमांत न बसणाऱ्या आराखड्याला परवानगीच द्यायची नाही.

आणि त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं ते कायद्याच्या मागे असलेल्या आंतरराष्ट्रीय करारात. दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 चा, भारताने तो 2007 मध्ये मान्य केला आणि आपला कायदा त्यातूनच आला. त्यातलं कलम 30 दिव्यांग मुलांच्या खेळाबद्दल बोलतं: इतर मुलांच्या बरोबरीने खेळ, करमणूक, विरंगुळा. ते ठाऊक होतं. पण कलम 23 कुटुंबाबद्दल आहे आणि त्यात सरळ लिहिलंय की दिव्यांग आईवडिलांना मुलं वाढवण्याच्या जबाबदारीत योग्य ती मदत करणं हे सरकारचं काम आहे. रात्री साडेबारा वाजता मी नवऱ्याला हलवून उठवलं आणि ते वाक्य वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग मी कोण आहे, सरकार?" आणि कूस बदलून झोपला.

मार्चमध्ये उत्तर आलं. एका पानात चार गोष्टी बसवल्या होत्या. सुगमतेची मानकं मार्गदर्शक स्वरूपाची आहेत. निधी उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल. दिव्यांगांसाठी खास सोयी असलेलं उद्यान अमुक ठिकाणी आहे, त्याचा लाभ घ्यावा. ते माझ्या घरापासून साडेसात किलोमीटर. आणि तोपर्यंत मागणीनुसार मोठं गेट उघडून देण्याच्या सूचना सुरक्षारक्षकास दिल्या आहेत.

शेवटची सूचना खरी ठरली. काकांकडे किल्ली आली. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा मोठ्या गेटसमोर सहा गाड्या उभ्या होत्या. काकांनी शिट्टी मारली, माणसं शोधली, गाड्या हलवल्या, कुलूप उघडलं, गंजलेला फाळा दोघांनी मिळून ढकलला. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावरची सगळी मंडळी मान वळवून बघत होती. जणू मंत्र्यांचा ताफाच आत शिरतोय. निघताना पुन्हा तेच. दुसऱ्यांदा गेले तेव्हा काका जेवायला गेलेले. तिसऱ्यांदा बदली वॉचमन होता, त्याला किल्लीचं काही माहीत नव्हतं. पाच वर्षांच्या मुलाला शू लागली की दोन मिनिटांत बाहेर पडावं लागतं हे ज्याने कागदावर 'मागणीनुसार' लिहिलं त्याला कोण सांगणार?

मग आचारसंहिता लागली. 16 मार्च ते जून, लोकसभा. कोणतीही नवी कामं नाहीत. त्यानंतर पावसाळा, म्हणजे सिव्हिलची कामं बंद. सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबरच्या मध्यावर विधानसभेची आचारसंहिता. सरकारी कॅलेंडरमध्ये काम करायला नेमके कोणते दिवस उरतात याचा मी त्या वर्षी चांगला अभ्यास केला. पण आचारसंहितेत माहिती द्यायला बंदी नसते. मे महिन्यात माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत. मी एकच गोष्ट विचारली: सदर नागमोडी प्रवेशमार्ग कोणत्या तारखेच्या कार्यादेशाने बसवला, त्याची आणि आराखड्याची प्रत द्यावी. 'का बसवला' असं विचारलं की 'मत देणे अपेक्षित नाही' असं उत्तर येतं, हे एका अनुभवी बाईंनी आधीच बजावलं होतं.

अर्ज माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) खाली एका विभागातून दुसऱ्याकडे गेला, तिथून माहिती आली. गेट बसवलं 2019 मध्ये.

तो कागद मी कितीदा वाचला असेन. मला वाटत होतं जुनं पाप आहे, कायद्याच्या आधीचं, हळूहळू निस्तरत असतील. प्रत्यक्षात कायदा लागू होऊन दोन वर्षं झाल्यावर, आधी जी सरळ मोकळी वाट होती ती बंद करून, सरकारी पैशातून ही नागमोडी बसवली होती. आराखड्यावर 58 सेंटिमीटरचा बाण स्वच्छ काढलेला. खाली तीन सह्या.

आता मात्र अर्जाची भाषा बदलली. मी सोय मागणं बंद केलं. 2019 चं काम कलम 44 मध्ये कसं बसतं ते खुलाशासह कळवावं, एवढंच लिहिलं. विसर्जनानंतर आठवड्याभरात कनिष्ठ अभियंत्याचा फोन आला, स्थळपाहणीला येतो म्हणून.

अठ्ठावीस-तीसचा मुलगा. हातात लेझरचं मोजायचं यंत्र. मला वाटलं होतं वाद होईल. तो सरळ म्हणाला, "मॅडम, रुंद करायला माझी ना नाही. पण हे काढलं की सगळे डिलिव्हरीवाले उद्यानातून शॉर्टकट मारतात. मागे एका आजोबांना धडक दिली होती, म्हणून तर बसवलं." आजोबांची गोष्ट खरी होती, कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक. मग आम्ही दोघं तिथे बसून राहिलो, म्हणजे मी होतेच बसलेली, तो कट्ट्याच्या कडेला टेकला. मोटरसायकलचं हँडल सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर. माझी खुर्ची चौसष्ट. हात ढकलायला जागा धरून वाट नव्वद तरी हवी. नव्वदमध्ये मोटरसायकल आरामात जाते. म्हणजे रुंदीने दोघींना वेगळं करता येतच नाही.

"लांबी," तो एकदम म्हणाला. मोटरसायकल दोन मीटर लांब, माझी खुर्ची पावलांसकट एक मीटर दहा. वाट रुंद करायची, वळण ठेवायचं, पण वळणाच्या जागी दीड मीटरचा चौक द्यायचा. खुर्ची तिथे गर्रकन वळते. गाडी चालवत कुणी नेऊ शकत नाही, उतरून, मागेपुढे करून ढकलावी लागते. तेवढा त्रास डिलिव्हरीवाला घेत नाही. त्याने वहीत काढून दाखवलं. मी खडूने जमिनीवर आखायला लावलं, त्यात फिरून पाहिलं. एका बाजूला चाक रेघेवर गेलं, तर त्याने रेघ पुसून दहा सेंटिमीटर बाहेर काढली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या खुर्चीकडे प्रमाणपत्र म्हणून न पाहता वस्तू म्हणून पाहत होतं, तिची वळण्याची त्रिज्या विचारत होतं. मला फार बरं वाटलं.

फाइल वर गेली आणि अडकली. वरून शेरा आला तो जुनाच: मानकं बंधनकारक नाहीत. शिवाय तोंडी निरोप, दिव्यांग कल्याणाच्या 5 टक्के निधीतून करता येतं का पाहू. इथे मी हट्टाला पेटले. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. त्यातून लोकांना उपकरणं मिळतात, उदरनिर्वाहाला मदत मिळते. कायदा असताना चुकीचं गेट बसवलं ते नेहमीच्या उद्यान खर्चातून आणि ते दुरुस्त करायचं आमच्या ताटातून? माझ्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोघांनी सांगितलं, कुठूनही होऊ दे, तू काम पदरात पाडून घे. कदाचित त्यांचंच बरोबर असेल. मी ऐकलं नाही.

आणि मग 8 नोव्हेंबर 2024. सरन्यायाधीश चंद्रचूड यांचा तो कामाचा शेवटचा दिवस होता, त्यामुळे बातम्यांत निरोपाची भाषणंच जास्त. त्याच दिवशी त्यांच्या खंडपीठाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल दिला. रतुरी स्वतः दृष्टिबाधित. याचिका 2005 ची. 2017 मध्ये त्यात एकदा सविस्तर आदेश झाले होते, तरी अंमलबजावणी रखडलेलीच. न्यायालयाने आता त्या 2017 च्या नियमांतला नियम 15(1) च कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा म्हणतो सुगमता बंधनकारक. नियमाने जी मानकं दाखवली ती सगळी 'करावे', 'असल्यास बरे' अशा भाषेत. नुसती मार्गदर्शक तत्त्वं पुरेशी नाहीत, ज्यात तडजोड चालणार नाही अशा किमान गोष्टी वेगळ्या काढून बंधनकारक नियम तीन महिन्यांत करा, असं केंद्राला सांगितलं. मला मार्चमध्ये आलेल्या पत्रातला 'मार्गदर्शक स्वरूपाची' हा शब्दच त्या निकालात उभा चिरलेला. एकोणीस वर्षं लढलेल्या माणसापुढे माझे दहा महिने मोजणंही लाजेचं होतं, पण निकालाची प्रत काढून मी संबंधित परिच्छेदांवर पिवळा मार्कर फिरवला, तो आनंद काही वेगळाच.

डिसेंबरमध्ये पुण्याला, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे कलम 80 खाली अर्ज पाठवला. वकील लागत नाही, शुल्क नाही. आयुक्तांना चौकशी करताना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, कागद मागवता येतात, माणसं बोलावता येतात, आणि त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. कायद्यात दंडाचं कलमही आहे, 89, पहिल्या वेळेला दहा हजारांपर्यंत. ते मी मुद्दामच लिहिलं नाही. मला गेट हवं होतं, दहा हजार नको होते. सोबत 2019 चा आराखडा, निकालाची पानं, टेप लावलेला फोटो, आणि वहीतलं त्या अभियंत्याचं चित्र, त्याला विचारून, नाव झाकून.

नोटीस निघाली. सुनावणीची वेळ आलीच नाही. मार्चएंडला कुठल्याशा लेखाशीर्षात पैसे सापडले, नेहमीच्या देखभालीच्याच, आणि एप्रिल 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात कटरचा आवाज खिडकीतून घरात आला. मी हिशेब टाकून खाली गेले. दोन कामगार पाइप कापत होते. ठेकेदाराच्या माणसाने नवी पाइपं उभी करून तात्पुरती टाचली आणि म्हणाला, "ताई, सिमेंट भरायच्या आधी बसतंय का बघा." मी गेले. शिरले, डावीकडे वळले, उजवीकडे वळले, आत. खुर्चीच्या खिशातून टेप काढून मोजलं: 92. काकांनी विचारलं, "आता ती किल्ली मी परत देऊ का?"

एक खोट राहिलीच. काँक्रीट आणि आतल्या पेव्हर ब्लॉकमध्ये बोटभर उंचीचा कंगोरा ठेवून ठेकेदार गेला. पुढची चाकं तिथे आपटतात, थोडं मागे रेलून उचलावी लागतात. मला जमतं. वॉकरवाल्या आजींना ठेच लागते.

आणि आत पोचल्यावर कळलं की घसरगुंडीच्या भोवती सगळी वाळू आहे. खिडकीतून सहाव्या महिन्यात पाहिलेली तीच. वाळूत व्हीलचेअर म्हणजे चिखलात बैलगाडी. पेव्हरच्या कडेपासून घसरगुंडी बारा-तेरा फूट. जूनमध्ये दुसरा अर्ज दिला: तिथपर्यंत फरसबंद वाट, भोवती वाळूऐवजी रबरी फरशी, आणि बाकाशेजारी खुर्ची उभी राहील एवढी रिकामी जागा. खिडकीवर त्याच बाई होत्या. प्रमाणपत्राचं काही विचारलं नाही. शिक्का मारताना म्हणाल्या, "वाळू माझ्या नातवाच्या डोळ्यात गेली होती मागे, तेही लिहा ना." लिहिलं, हाताने, खाली. त्या अभियंत्याची मात्र बदली झाली आहे.

परवा काकांनी शेडमागची एक जुनी फळी आणून वाळूवर टाकली. तिच्यावरून पुढे गेले, तर फळी संपली आणि घसरगुंडी अजून चार फूट लांब. तिथेच ब्रेक लावले. लेक आता साडेसहाचा, वर उभा राहून ओरडला, "आई, बघ, डोकं खाली करून येतो!"

"खबरदार," म्हटलं.

आला तो तसाच.